भावाची अस्थिमज्जा

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाई फारच तावातावाने लिहितात. मस्कतमध्ये संसार झाला, इथल्या भारतीय शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पोरांना रक्त, पेशी, प्रतिकारशक्ती सगळं फळ्यावर काढून दाखवलं. पेपरात हमखास येणारा प्रश्न म्हणून ‘शरीर आपलं आणि परकं कसं ओळखतं’ हा धडा तर मी झोपेतही शिकवला असता. आणि मग नेमकं तेच माझ्या अंगात बिघडलं. रक्ताचा कॅन्सर.

पहिल्या केमोने आजार मागे हटला, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तो परत येणार. त्या ओमानी, साधारण माझ्याच वयाच्या. मूळ पेशींच्या प्रत्यारोपणावर त्यांनी बरीच वर्षं संशोधन केलेलं. मी शिक्षिका म्हटल्यावर त्यांना कोण आनंद! कागद ओढून मला चित्रं काढून दाखवू लागल्या. आधी जबरदस्त औषधं देऊन माझ्या हाडांतला रक्त तयार करणारा सगळा कारखाना बंद पाडायचा. मग निरोगी माणसाच्या मूळ पेशी शिरेतून सोडायच्या. त्या आपल्या आपण हाडांत जाऊन बसतात आणि नवं रक्त बनवायला लागतात. शिवाय त्यांच्याबरोबर देणाऱ्याच्या लढणाऱ्या पेशीही येतात आणि उरलेला कॅन्सर हुडकून मारतात. “तुझ्या पेशींना हा शत्रू आपलाच वाटत होता,” त्या म्हणाल्या, “नव्यांना तसा वाटणार नाही.” सख्खं भावंड पूर्ण जुळलं तर सगळ्यात उत्तम, पण जुळेलच असं नाही, हेही सांगितलं.

मला भाऊ एकच. धाकटा. माझ्या नवऱ्यानेच त्याला इकडे आणला, मस्कतच्याच गाला भागात गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत चिकटवून दिला. लग्न झालं तशी बायकोही आली. आम्ही दार्सैतला, तो गाल्याला, दर शुक्रवारी जेवायला एकत्र. त्याने तपासणीला रक्त दिलं आणि पूर्ण जुळलं! डॉक्टरांनी स्वतः फोन करून ‘मब्रूक’, म्हणजे अभिनंदन, म्हटलं. नवरा तर फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडला, मला नळाच्या आवाजातूनही कळलं.

आई तेव्हा आमच्याकडेच होती. माझं आजारपण कळल्याबरोबर चिपळूणचं घर बंद करून आली होती. ती निवृत्त शिक्षिका, मराठी शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. बोलण्यात इंग्रजी शब्द आला की तिच्या कपाळाला आठी. “ट्रीटमेंट काय, ट्रीटमेंट? आपल्यात शब्द मेलेत का?” त्यामुळे तिच्याशी बोलताना मी जपून, पुस्तकातलं मराठी बोलते. त्या दिवशी तिने शिरा केला होता. शिरा खाता खाता मी आनंदाच्या भरात म्हटलं, “आई, तो मला त्याची अस्थिमज्जा देणार.”

“मज्जा?” आईने विचारलं.

“हो, मज्जा.”

माझी मुलगी तेव्हा नुकतीच बारावी झालेली. मैत्रिणींशी इंग्रजीत बोलणारी, मराठी चाचपडत. ती खो-खो हसत सुटली. “मामा मम्मीला मज्जा देणार! सो फनी!” आम्ही सगळेच हसलो. आई हसली नाही. तिने शिऱ्याचं भांडं उचललं आणि आत गेली. मला वाटलं, दमली असेल.

कसलं दमणं आणि कसलं काय. आईच्या डोक्यात मज्जा म्हणजे मज्जारज्जू. पाठीच्या कण्यातला. सातवीच्या पोरांना तिने तो किती वेळा काढून दाखवला असेल, देव जाणे. इकडून मेंदू, इथून खाली कणा, आणि कण्याच्या आत मज्जारज्जू, तो दुखावला की माणूस जन्माचा पांगळा. मी साधं ‘बोन मॅरो’ म्हटलं असतं तर तिने शेजारच्या बाईंना विचारलं असतं आणि गोष्ट तिथेच मिटली असती. मी शुद्ध मराठी बोलायला गेले. आमच्या गावात एकाच्या पाठीचं ऑपरेशन फसलं आणि तो अंथरुणाला खिळला, तिच्या समोरचं. आता तिच्या हिशेबाने तिच्या मुलाच्या पाठीतून सुई घालून तेच काढणार होते. ती एका अक्षराने बोलली नाही. ताकास तूर लागू दिली नाही.

मग चालढकल सुरू झाली. आधी भाऊ म्हणाला, गोदामात मोजणी चाललीय. मग अर्बाब, म्हणजे त्याचा मालक, सुट्टी देत नाही. मग सर्दी झाली, खोकला झाला. मी फोन केला की “करूया ना ताई, इन्शाल्ला.” हा शब्द इथल्या माणसाच्या तोंडी श्रद्धेचा असतो, मनापासूनचा. आम्ही भारतीयांनी मात्र त्याची वाट लावली आहे. ऑफिसात ज्याला काम करायचं नाही तो मान हलवून इन्शाल्ला म्हणतो आणि समोरचा समजतो. मीसुद्धा समजायला हवं होतं. पण सख्खा भाऊ म्हणतोय म्हटल्यावर मी तो शब्द श्रद्धेचाच धरला.

डॉक्टर घाई करत होत्या. आजार दबलेला आहे तोवरच हे करायला हवं, एकदा उलटला की मग कुणाच्याही पेशी आणा, उपयोग नाही. मी धास्तावले होते आणि धास्तावले की मला राग येतो. तो राग मी काढला भावजयीवर. तीच अडवत असणार, दुसरं कोण! नवऱ्याला एवढंसं टोचलेलं बघवत नसेल राणीसरकारांना. आईसमोर मी तिला काय काय बोलले. आई खाली बसून मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “जाऊ दे बाळा. तिचाही संसार आहे.”

हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही. तिला माहीत होतं आणि तरी तिने मला त्या पोरीला शिव्या घालू दिल्या!

आई मला जपत नव्हती असं नाही. केमोने तोंड आलं तेव्हा मऊ भात कालवून, मेतकूट घालून, चमच्या-चमच्याने भरवला तिने. केस गेले तेव्हा माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “लहानपणी जावळ काढलं होतं तेव्हा अशीच दिसायचीस.” पायांची आग व्हायची तर तळव्यांना काशाच्या वाटीने तूप चोळत बसायची. म्हणून तर जास्त लागलं. परक्या बाईने केलं असतं तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते.

एके दुपारी आई कृष्णाच्या देवळात गेली होती. देऊळ आमच्या घरापासून चालत जाण्यासारखं, ती रोज जायची. बेल वाजली. दारात भावजय. एकटी, टॅक्सी करून आलेली. मी दार पुरतं उघडलंही नाही, म्हटलं, “काय काम काढलंस?”

“आत येऊ का, ताई?” तिचा चेहरा असा झाला होता की मला बाजूला व्हावं लागलं.

बसली नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, “तुम्ही मला बोलताय ते मला कळतंय. आईच सांगतात फोनवर. पण ह्यांची तयारी होती, ताई. सुट्टी मंजूर झालेली. बॅग भरलेली. आईंनी देवळात बोलावून घेतलं आणि शपथ घातली. स्वतःच्या गळ्याला ह्यांचा हात लावून. म्हणाल्या, माझ्या गळ्याची शपथ आहे, पाठ उघडी करायची नाही कुणासमोर.”

“पाठ?” मी म्हटलं. “पाठीचा काय संबंध?”

“त्या म्हणतात, मणक्यातून काढतात. ह्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं की हातातून काढतात. पण शपथ घातली ना, ताई. हे घरी आले आणि जेवलेच नाहीत.”

मी तिची माफी मागितली. तिने डोळे पुसले आणि आईंना मी आले होते हे सांगू नका म्हणाली. मी म्हटलं, सांगणार, आजच सांगणार, तुला काही बोलल्या तर माझ्याकडे ये. ती गेल्यावर मी खुर्चीत बसले आणि मला आईचा तो अर्धवट ‘मज्जा?’ आठवला. एक क्षण चक्क हायसं वाटलं. अगं बाई, एवढंच ना! एका शब्दाचा घोटाळा. समजावून सांगितलं की झालं.

आई प्रसाद घेऊन आली. मी तिला समोर बसवलं आणि फळ्याऐवजी ताटात पिठाने चित्र काढलं. हा कणा, हा मज्जारज्जू, ह्याला कुणी हात लावत नाही. आणि ही हाडं, कमरेची, मांडीची, ह्यांच्या आतला मऊ गर म्हणजे अस्थिमज्जा. तीसुद्धा हल्ली सहसा हाडातून काढत नाहीत. काही दिवस इंजेक्शनं देतात, त्याने मूळ पेशी रक्तात उतरतात, मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, हव्या त्या पेशी काढून घेतात आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातात परत. माणूस खुर्चीत बसून टीव्ही बघतो. थोडं अंग दुखतं, मग घरी. काढलेल्या पेशीही पुन्हा तयार होतात. आई शेवटपर्यंत ऐकत होती, चांगली विद्यार्थिनी ऐकते तशी.

“माझी घ्या,” ती म्हणाली. “माझ्या पाठीतली घ्या. मी विचारलं होतं जावईबापूंना.”

“आई, पाठीतली नाही! आणि तुझं वय, तुझी शुगर, तुझी चालणार नाही. त्याचीच पूर्ण जुळलीय. तू शपथ मागे घे.”

ती प्रसादाची पुडी सोडायला लागली.

“म्हण ना, शपथ सुटली म्हण. एवढंच म्हणायचंय.”

“समजा तू सांगतेस तसंच असेल,” आई म्हणाली, “तरी नाही.”

“का पण?”

तिने ताटातलं पीठ हाताने एक केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुला आम्ही दिली. त्याला नाही दिला कुणाला.”

आमच्यात असंच म्हणतात. मुलगी कुठे दिली? अमक्या गावी दिली. मी स्वतः हजारदा म्हटलंय कुणाकुणाबद्दल. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या क्रियापदाचा अर्थ कळला. दिली म्हणजे दिली. हिशेबातून वजा. तूप चोळायचं, भात भरवायचा, रडायचं, जीवसुद्धा टाकायचा स्वतःचा, पण घरात राहिलेल्यातलं काही दिलेलीसाठी काढायचं नाही. तिने माझा केसाने गळा कापला, आणि तोही इतक्या शांतपणे! मी ताट भिंतीवर फेकलं. पीठ सगळ्या हॉलभर झालं. ते तिनेच नंतर झाडून काढलं.

भावाला फोन केला. म्हटलं, “मला सगळं कळलंय. उद्या सकाळी हॉस्पिटलमध्ये ये.”

“ताई, शपथ आहे गं,” तो रडायलाच लागला. “मला पटत नाही, पण तिला काही झालं तर? जन्मभर मी...”

“आणि मला काही झालं तर?”

त्याने नाक ओढलं. मग म्हणाला, “काहीतरी मार्ग निघेल, इन्शाल्ला.”

मी फोन कट केला. ज्याला मी कडेवर घेऊन शाळेत नेलं, ज्याचा शेंबूड पुसला, त्याने काखा वर केल्या. आईला मुलाने आपलं ऐकलं म्हणून समाधान, त्याला आईची शपथ पाळली म्हणून समाधान, आणि मी दोघांच्या समाधानासाठी मरायचं होतं. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी आईची बॅग गाडीत ठेवली आणि तिला गाल्याला सोडून आला. जाण्याआधी तिने फ्रीझरमध्ये माझ्यासाठी आमट्यांचे डबे लावून ठेवले होते. मी नवऱ्याला म्हटलं, फेकून दे. त्याने फेकले नाहीत. मी खाल्ले, कारण दुसरं काही पोटात राहत नव्हतं.

डॉक्टरांना मी खोटं सांगितलं, भावाची तब्येत बरी नाही. त्यांनी खोदून विचारलं नाही. कुणाला जबरदस्ती करायची नाही आणि कारणही विचारायचं नाही, असा त्यांचा नियमच आहे म्हणे. मग त्यांनी दुसरा रस्ता सांगितला, तो त्यांच्याच अभ्यासाचा विषय. हल्ली अर्ध्या जुळणाऱ्या माणसाच्या पेशीही चालतात. पूर्वी अशा पेशी रुग्णाच्या शरीरावरच तुटून पडायच्या, कारण त्यांना ते सगळं परकं वाटतं. आता पेशी दिल्यावर थोड्या दिवसांनी एक औषध देतात, ते नेमक्या जास्त चवताळलेल्या पेशींना गार करतं. धोका उरतो, पण पुष्कळ लोक तरतात. अर्धं जुळणारं कोण? आई-वडील, पण वडील गेलेले आणि आई वयामुळे बाद. नाहीतर पोटचं मूल.

“तुझी मुलगी अठराची झाली ना?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं.

“झाली नाही?”

“झाली. पण ती नाही. दुसरं काहीतरी बघा. तिचं आत्ता कुठे सगळं सुरू होतंय. उद्या तिचं लग्न, तिची मुलं, तिला काही झालं तर...”

मुलगी शेजारीच बसली होती. डॉक्टरांशी माझं बोलणं इंग्रजीत चाललेलं, तिला शब्द न् शब्द कळत होता. तिने माझ्याकडे वळून आपल्या मोडक्या मराठीत म्हटलं, “मम्मी, तू सेम आजीसारखं बोलते.”

माझ्या अंगाचा भडका उडाला. सेम? कुठल्या तोंडाने सेम? मी माझ्या जिवावर नाही म्हणत होते, आईने दुसऱ्याच्या जिवावर नाही म्हटलं! हा फरक मी तिला तिथेच, डॉक्टरांच्या समोर, हातवारे करून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ओके. पण मला तू विचारलंच नाही ना. मामाला पण कोणी विचारलं नाही.” मग डॉक्टरांकडे बघून इंग्रजीत म्हणाली की ती अठरा वर्षांची आहे आणि सही कुठे करायची. डॉक्टर हसल्या. “यल्ला, चला,” म्हणाल्या आणि उठल्याच. मी बसून राहिले. पोरीची तुलना मला अजूनही मान्य नाही.

तिला इंजेक्शनं दिली तेव्हा कंबर दुखायची, ताप आल्यासारखं व्हायचं. ती सोफ्यावर आडवी पडून मोबाइल बघायची आणि मी आतल्या खोलीतून दर थोड्या वेळाने ओरडून विचारायची, फार दुखतंय का? ती ओरडायची, “नो-ओ!” मग मला अॅडमिट केलं. औषधांनी माझा कारखाना बंद पाडला. तो काळ लिहिण्यासारखा नाही. एका सकाळी नर्सने पिशवी लावली, टोमॅटोच्या सारासारखा रंग. तेवढंच. काही वाटलं नाही. डॉक्टरांनी मध्येच माझं आणि मुलीचं थोडं थोडं रक्त अभ्यासासाठी मागितलं, नव्या पेशी आपलं-परकं कसं शिकतात हे त्यांना पाहायचं होतं. मी दिलं. म्हटलं, घ्या, आमच्या घराण्यात या विषयाचं पुष्कळ काम झालेलं आहे. त्यांना विनोद कळला नाही.

पेशींनी बस्तान मांडलं. रक्त वर यायला लागलं. भेटायला येऊ देऊ लागले तेव्हा आई आली. मास्क लावून, हात धुऊन, डबा घेऊन. भाऊ खाली गाडीत बसला होता, वर यायचं धाडस झालं नाही. आईने माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. मग मुलीकडे वळली, “तुला काय केलं गं त्यांनी? दाखव पाठ.”

“पाठ नाही, आजी. हे बघ.” मुलीने दोन्ही हात पुढे केले. कोपरांच्या आतल्या बाजूला पिवळट पडलेले दोन छोटे डाग, रक्त तपासल्यावर राहतात तसे. “इथून गेला, इथून परत आला. मी मूव्ही बघितली. मग बर्गर खाल्ला.”

आईने चष्मा नीट केला. एक हात धरून पाहिला, मग दुसरा. डागांवरून अंगठा फिरवला.

“एवढंच?” ती म्हणाली.

“एवढंच.”

“एवढंच होतं तर मी त्याला अडवलं नसतं गं.” हे ती माझ्याकडे बघून म्हणाली, अगदी खरेपणाने, रडवेली होऊन.

“आई, मी सांगितलं होतं तुला,” मी म्हटलं. माझा आवाज तेव्हा पुरता फुटत नव्हता. “ताटात काढून दाखवलं होतं. हातातून काढतात म्हणून सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं.”

“सांगितलं होतंस,” आई म्हणाली. “पण तुझं कसं खरं धरणार होते मी? तुला तर जगायचं होतं.”

तिला आपण काय बोललो ते कळलंच नव्हतं. डब्याचं झाकण उघडत होती ती.

“हो,” मी म्हटलं. “जगायचं होतं.”